तान्ह्या ताऱ्याचा टिका

आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. घरातच काय, आमच्या पूर्ण मोहल्ल्यात पहिली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे थोड्या बढाया येणार आहेत आणि त्या कुठून येतात हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं. भौतिकशास्त्र घेऊन झाले, पहिल्या झटक्यात झाले, आणि आता साकोलीच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आठवडाभर साकोलीत खोली करून राहते. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की दिघोरीकडे जाणारी बस धरायची. गावी आई, बाबा, धानाची शेती आणि अलीकडे माझी दुर्बीण.

दुर्बीण म्हटलं की लोकांना लांब नळी आठवते, एक डोळा मिटून दुसरा लावायचा तशी. माझी तशी नाही. ती एक पेटी आहे, मोठ्या टिफिनच्या डब्याएवढी. बटण दाबलं की तिच्यातून एक जाडसर हात वर उठतो, त्या हातात पेल्याच्या तोंडाएवढं भिंग. डोळा लावायला जागाच नाही. ती आपली आपण तारा शोधते, त्याच्या मागे मागे वळते, फोटोंवर फोटो काढते, ते एकावर एक रचते आणि तयार झालेलं चित्र मोबाईलवर पाठवते. माझ्या पगारातून घेतली. साकोलीत हायवेचे दिवे असे आहेत की चंद्रसुद्धा ओशाळतो, म्हणून ती गावी ठेवली. आमच्या स्लॅबवरून आकाश काळंकुट्ट दिसतं.

शेजारच्या मोठीमायला हा डबा कधी पटला नाही. मोठीमाय नात्याची नाही, पण आमच्या गल्लीत तिला सगळे मोठीमायच म्हणतात, तिचे स्वतःचे जावईसुद्धा.

"मोबाईलातच पाहाचं, तं खोलीत बसून पाह्य ना वं. थंडीत वर कायले मरून राहिली?"

"मोठीमाय, डबा वर हाये, मी लावून खाली येते."

"मंग तो वर काय पाहून राहिला? आमच्या आंगनात तं पाहत नाही ना?"

"तुमच्या आंगनात पाहण्यासारखं हाये काय?"

हे मी बोलायला नको होतं. आठवडाभर तिच्याकडचं ताक आमच्या घरी आलं नाही.

मी घरी आले की माझी भाषासुद्धा दारात चप्पल काढते. शाळेत मी "मला" म्हणते, घरी "मले". त्याची मला लाज नाही. उलट दोन्ही येतात याचा अभिमान आहे.

आता मी काय पाहत होते ते सांगते. हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्र वर येतं, मधल्या ओळीतल्या तीन ताऱ्यांमुळे ते कोणालाही ओळखता येतं. त्यातला तांबूस तारा काक्षी. त्याच्या खाली उजवीडावीकडे न भरकटता थेट पूर्वेला गेलं की प्रश्वा नावाचा ठळक तारा. या दोघांच्या साधारण मधोमध, नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही अशा जागी, एक लहानसा तेजोमेघ आहे. चित्रात तो पंख्यासारखा दिसतो. टोकाला एक उजळ ठिपका आणि तिथून वर पसरत गेलेला फिकट उजेड. धुकं पडलेल्या पहाटे कोणी टॉर्च पेटवावा आणि झोत हवेत फाकावा, तसा.

त्या टोकाशी एक तारा आहे. आहे म्हणायचं, कारण तो नीट दिसत नाही. तो अजून धुळीत गुंडाळलेला आहे. वयाने काही लाख वर्षांचा असेल, आणि ताऱ्यांच्या हिशोबात हे वय म्हणजे पाळण्यातलं. मेघाला स्वतःचा उजेड नाही, हा तान्हा तारा त्याच्यावर उजेड टाकतो. गंमत पुढे आहे. ताऱ्याच्या अगदी जवळून धुळीचे पुंजके फिरत असतात. एखादा पुंजका आड आला की त्याची लांबलचक सावली त्या पंख्यावर पडते. म्हणून हा मेघ बदलतो. महिन्याभरापूर्वी जिथे उजेड होता तिथे आज काळोख. आकाशातल्या बहुतेक गोष्टी आपल्या जन्मात बदलत नाहीत. हा मात्र धानाच्या एका हंगामात चेहरा बदलतो. त्याला रूपविकारी तेजोमेघ म्हणतात.

मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी आईला हाका मारून वर बोलावलं. आई हात पुसत आली. मोबाईलकडे पाहिलं.

"हे काय वं?"

"तारा हाये, आई. तान्हा. आताच झाला समज."

"तान्हा हाये?" आईचा आवाजच बदलला. "मंग त्याच्यावर हा धूर काहून?"

"धूर नाही, धूळ. ज्या धुळीतून तो जन्मला, ती अजून आंगावर हाये."

"आंघोळ घातली नाही म्हण ना," आई म्हणाली आणि भात लागेल म्हणून खाली गेली.

इथे आईबद्दल एक सांगायला पाहिजे. आमच्या गावात कोणाकडे लेकरू झालं की काजळ आईच्या हातचं जातं. एरंडीच्या तेलाचा दिवा, त्यावर पालथी धरलेली काशाची वाटी, आणि वाटीवर जमलेली काजळी. ती तुपात कालवायची की तेलात, किती वेळ घोटायची, यात तिचा हात धरणारं कोणी नाही. कपाळाच्या बाजूला एक टिका लावायचा, म्हणजे लेकराला नजर लागत नाही.

बाबांना हे चालत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातला देव्हारा गेला आणि त्याच्याबरोबर नजर, अंगारा, उतारा सगळं गेलं, असं बाबा सांगतात. मी लहान असताना मला टिका लावलेला दिसला की ते स्वतः धोतराच्या सोग्याने पुसायचे. आई परत लावायची, यावेळी कानामागे. त्यावर दोघांत कधी मोठं भांडण झालं नाही. बाबांचं घर टिक्याविना चाललं आणि आईचं टिक्यासह. मी दोन्ही घरांत वाढले.

डिसेंबरात मी पहिलं चांगलं चित्र काढलं. त्या दिवशी भिंगही मऊ फडक्याने निगुतीने पुसलं होतं. पंखा दोन्ही बाजूंनी भरलेला आला. मी ते एका गटाला पाठवलं. विदर्भातले आकाश पाहणारे हौशी लोक त्यात आहेत, बहुतेक नागपूरचे. गट चालवणारे एक निवृत्त इंजिनिअर. त्यांनी उत्तर दिलं, "छान. दर महिन्याला काढत राहा, मॅडम." शाळेत मला सगळेच मॅडम म्हणतात, तरी या मॅडमची चव वेगळी होती.

जानेवारीत गावचा पट आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पण शर्यत हे निमित्त. पटाच्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक घर पाहुण्यांनी भरतं, जावई येतात, लेकी येतात, ज्यांचं नातं कोणाला आठवत नाही तेही येतात, आणि रात्री मंडपात नाटक. जेवणं झाली आणि नाटकाची घंटा व्हायची होती. तेवढ्यात बाबांनी सगळ्यांना स्लॅबवर चढवलं.

"या, पाहा आमच्या पोट्टीची मशीन. आपोआप तारा धरते."

बाबा नजर मानत नाहीत, पण दाखवायची हौस दांडगी. जिन्यात रांग लागली. मी मोबाईल मधोमध धरून बसले. चित्र हळूहळू उमटत गेलं, आधी दाणेदार, मग नितळ.

"हे तं सूप हाये," एक जावई म्हणाले.

"सूप नाही, टॉर्च हाये."

"इतलंसंच?" हे माझे मामा. ते वरठीला पोलादाच्या कारखान्यात आहेत आणि मोटरसायकलवर एवढ्या लांबून पटाला आले होते. "आमच्या भट्टीचं तोंड उघडलं ना, तं याच्याहून बम उजेड पडते. चष्मा लावा लागते."

"मामा, तुमची भट्टी इथून दिसते काय?"

"नाही."

"हे इथून दिसते. आणि हा उजेड निघाला तवा आपलं गाव बी नव्हतं."

मामा जिन्याकडे वळले, पण पटल्यामुळे नाही. खाली घंटा झाली होती. एका मिनिटात स्लॅब रिकामा झाला. आई तेवढी मागे थांबली होती, एका हाताने पेटीवर पदर धरून, जसं काही लेकरू गर्दीतून घरी आणलं आहे. मी लक्ष दिलं नाही. मलाही नाटकाला जायचं होतं.

फेब्रुवारीच्या चित्राने माझी झोप उडवली. पंख्याच्या एका कडेचा लचका तोडल्यासारखा काळा पट्टा आला होता. डिसेंबरात तिथे उजेड होता. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मी इतक्यांदा पाहिली की शेवटी मोबाईलच गरम झाला. दिघोरीच्या स्लॅबवरून, भाताच्या कोठीशेजारी ठेवलेल्या पेटीतून, मी एका तान्ह्या ताऱ्याच्या धुळीची सावली पकडली होती.

गटात पाठवलं. गटात आनंद झाला. गट चालवणाऱ्या नागपूरच्या सरांनी फोन केला.

"मॅडम, मार्चमध्ये आपला मेळावा आहे. तुम्ही यावर बोलायचं. पंधरा मिनिटं."

मी हो म्हणाले, आणि मग हे सगळ्यांना सांगितलं. मुख्याध्यापकांना सांगितलं, वर्गात सांगितलं, कंडक्टरलाही सांगितलं असणार. बाबांनी चहाच्या टपरीवर सांगितलं. ते म्हणाले, "मी येतो नागपूरले. पोट्टी माइकवर बोलून राहिली, मले ऐकाचं हाये." बाबांनी आजवर माझ्यासाठी गावाबाहेर जाऊन ऐकावं असं काही मी केलंच नव्हतं. पदवी मिळाली त्या दिवशीही शेतात धानाची रोवणी चालू होती.

मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यात सरांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज जरा जपून होता.

"एक विचारतो, राग मानू नका. हा काळा पट्टा आकाशातलाच आहे ना? भिंगावर काही डाग, ओल, बुरशी? मेळाव्यात पहिला प्रश्न हाच येईल. आणि खरं सांगू, तिथे काही लोक असेही असतील की ज्यांना खेड्यातून आलेलं पटकन खरं वाटत नाही."

"भिंग स्वच्छ आहे, सर. डिसेंबरात पुसलं होतं."

"आता एकदा बघून घ्या."

त्या शनिवारी बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळूनही मी बाहेर पाहिलं नाही. घरी पोचले, चहासुद्धा घेतला नाही, पेटी वर नेली. एरवी मी ती अंधार पडल्यावर चालू करते, मोबाईलचा उजेड मंद लाल करून, त्यामुळे भिंगाकडे नजर जातच नाही. त्या दिवशी ऊन होतं. हात वर उठला, भिंगावर तिरपा उजेड पडला, आणि कडेला, तिळाहून मोठा, गोल, नेटका काळा ठिपका.

चिलट वाटलं. बोट लावलं. तुपकट. बोट हुंगलं. एरंडी.

"आई," मी स्लॅबवरून हाक मारली. ती हाक कशी होती हे मला आठवत नाही, पण मोठीमाय आपल्या अंगणातून वर पाहत उभी राहिली एवढं आठवतं.

आई आली. तिने भिंग पाहिलं नाही, माझं काळं बोट पाहिलं.

"कवा लावला हा?"

"पटाच्या रात्री."

"काहून?"

"सारे जावई पाहून गेले. मामा पाहून गेला. मामाची नजर कशी हाये तुले मालूम नाही. त्यानं पाहिलेली गाय त्या साली आटली."

"आई, ही मशीन हाये."

"मशीनले नाही लावला. तूच म्हणत होती तान्हा हाये म्हणून. त्याले कुठून लावू? मले तं हाच रस्ता दिसला."

मी खाली बसले. डिसेंबरात टिका नव्हता, पंखा भरलेला. जानेवारीत पट, पटाच्या रात्री टिका. फेब्रुवारीत काळा लचका. याहून साफ हिशोब कोणता? मला नागपूरचं सभागृह दिसलं, तिथे उठून उभा राहिलेला कोणी चष्मेवाला दिसला, आणि मागच्या रांगेत स्वच्छ पांढरा शर्ट घातलेले बाबा दिसले. खरं तर ते तेव्हा बांधावर होते.

इथे माझी बढाई थोडी खाली उतरते, कारण दहावीला मी दरवर्षी एक प्रश्न विचारते. बहिर्गोल भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर प्रतिमा पूर्ण मिळेल का? निम्मी पोरं लिहितात, अर्धी मिळेल. मी त्यांचे गुण कापते. प्रतिमा पूर्णच मिळते, कारण भिंगाचा प्रत्येक कोपरा पूर्ण चित्र आणतो. एक कोपरा झाकला तर चित्र तेच राहतं, फक्त जरा अंधुक होतं. हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. आणि तरीही त्या स्लॅबवर मला ते आठवायला बराच वेळ लागला. आठवल्यावरही भीती पूर्ण गेली नाही. पुस्तकात काळा कागद आहे. पुस्तकात एरंडीच्या तेलातलं काजळ नाही. तेल पसरतं, उजेड विस्कटतं, कोणास ठाऊक काय करतं. वर्गात उत्तर माहीत असणं वेगळं, आणि माइकसमोर "मी तपासलं आहे" म्हणणं वेगळं.

"पुसून टाकतो," आई म्हणाली आणि पदर पुढे केला.

"नाही. हात नोको लावू." मी उठले. "आज त्याले असाच राहू दे. रात्री फोटो काढू. मंग पुसू, परत काढू. मंग तू परत लावजो."

"परत?"

"जसा लावला होता तसाच. तुझ्या हातानं."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकवून पोरगी वाया गेली. पण काजळाची डबी आणायला ती माझ्याआधी खाली गेली.

आकाश चांगलं होतं. अंधार पडताच पहिलं चित्र टिक्यासकट काढलं. लचका होता. मग मी मऊ फडक्याने टिका पुसला, दोनदा पुसला, टॉर्चच्या उजेडात भिंग पाहिलं. दुसरं चित्र सुरू झालं. मोबाईलवर आधी नुसते दाणे, मग तारे, मग पंख्याची पुसट कड. आई माझ्या खांद्याशी उभी.

"काय दिसून राहिलं?"

"थांब ना."

"मी काही बोलली काय?"

लचका तिथेच होता. तसाच, त्याच बाजूला. भिंग स्वच्छ आणि पंखा चावलेला. तरी मी ठरवल्याप्रमाणे पुढे गेले. टिका परत लावायचा होता. मी टॉर्च धरला, आईने डबीत बोट बुडवलं, जीभ किंचित बाहेर काढून, तान्ह्या लेकराला लावते तशी हलक्या हाताने भिंगाच्या कडेला टेकवलं. नेमके तेव्हा जिन्यातून बाबा वर आले.

बाबांनी पाहिलं ते असं. त्यांची बायको दुर्बिणीला काजळ लावते आहे आणि त्यांची बी.एस्सी. झालेली लेक तिला उजेड दाखवते आहे.

"हे काय चालून राहिलं?"

"प्रयोग हाये, बाबा," मी म्हणाले.

बाबा पायरीवरच बसले. तिसरं चित्र तयार होईपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं, टिका, पट, मामाची नजर, सरांचा फोन. तिसऱ्या चित्रातही लचका तसाच. बाजूचे तारे तिन्ही चित्रांत तसेच.

"म्हंजे काजळानं काही झालं नाही," बाबा म्हणाले.

"काही झालं नाही."

"मंग नजरेनं बी काही होत नाही. ऐकलं काय?" हे आईला.

"काजळ होतं म्हणून तं काही झालं नाही," आई म्हणाली.

यावर आमच्या घरात आजपर्यंत निकाल लागलेला नाही.

मग आईने विचारलं ते मला आवडलं. तिने विचारलं, "तिकडं धुळीचं बारकं गाठोडं इतली मोठी सावली पाडते, आणि माझा टिका इथं डोळ्यासमोर असून दिसत नाही, हे कसं?" मी टॉर्च घेतला. हाताचं एक बोट टॉर्चच्या तोंडाला अगदी चिकटवलं. जिन्याच्या भिंतीवर दारासारखी मोठी काळी सावली पडली. धुळीचा पुंजका असा ताऱ्याला खेटून असतो, म्हणून बारका असूनही पंखाभर काळोख करतो. मग बोट भिंतीकडे नेत गेले, सावली लहान होत होत बोटाएवढी झाली. "आणि तुझा टिका तं भिंतीवर बी नाही," मी म्हणाले, "तो पाहणाऱ्याच्या चष्म्यावर हाये. चष्म्यावर एक ठिपका असला तर बाबाले बैल काळा दिसते काय?"

"बैल काळाच हाये," बाबा म्हणाले. पण ते उठून आले आणि टॉर्चपुढे आपलंही बोट धरून पाहिलं. मग अख्खा पंजा. मग सशाचे कान. स्लॅबवर बराच वेळ तेच चाललं होतं.

नागपूरला बाबा आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. आई आली नाही. कुकडी, म्हणजे आमची शेळी, व्यायला झाली होती, आणि आई म्हणाली, "तुम्ही तुमचं तान्हं पाहा, मी माझं पाहतो." सभागृहात पहिला प्रश्न सर म्हणाले होते तोच आला, चष्मा नसलेल्या एका माणसाकडून. भिंग तपासलं होतं का? मी तिन्ही चित्रं लावली. हे टिक्यासकट, हे टिका पुसून, हे परत लावून. टिका कशाचा, तो कोणी लावला, तेही सांगितलं. लोक हसले. मीही हसले, कारण हसण्यासारखंच होतं. पण त्या माणसाने मान डोलावली आणि विचारलं, "तुम्ही मुद्दाम परत लावून पाहिलंत?" मी म्हणाले, "हो." तो खाली बसला. मागून बाबांचा आवाज आला, शेजारच्याला सांगत होते, "आमची पोट्टी हाये." हळू सांगत होते असं त्यांना वाटत होतं.

मार्च संपता संपता मृग पश्चिमेकडे कलू लागतो. मी शेवटचं चित्र काढलं, कारण नंतर तो मेघ संध्याकाळच्या उजेडात बुडून जातो आणि मग पावसाळा. भिंग स्वच्छ होतं, त्या दिवसापासून आईने हात लावला नव्हता. चित्र उमटलं. काळा पट्टा जागेवर नव्हता. कडेला पुन्हा उजेड भरला होता, आणि काळोख सरकून पंख्याच्या मधल्या भागाला लागला होता, अगदी फिकट. म्हणजे सावलीच होती, आणि पुढे गेली होती. मग आईला हाक मारली.

आई आली, शेळीच्या करडाला कडेवर घेऊन. करडाच्या कपाळावर टिका होता. मी तो पाहिला, तिने मी पाहिलेलं पाहिलं, आणि आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही. मी तिला फेब्रुवारीचं चित्र दाखवलं, मग आजचं.

"इथं काळं होतं," ती म्हणाली.

"हाव. आता नाही."

तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरला, करडू तिच्या पदराला चघळत होतं. बराच वेळ पाहून तिने मोबाईल मला परत दिला.

"त्याच्या मायनं पुसला असंल," ती म्हणाली. "आता आंघोळ घालंल."